आपत्कालीन उपचारांचा सराव इथल्या प्रसंगांवर हवा

प्रति,
मा. मंत्री, वैद्यकीय शिक्षण, महाराष्ट्र राज्य

विषय : चंद्रपूर व गडचिरोलीतील वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या सिम्युलेशन प्रशिक्षणाबाबत.

महोदय,

मण्यार चावल्याचे बरेचदा कळतही नाही. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोट दुखते म्हणून उठतो. अंगावर दंशाची खूण सापडत नाही आणि काही वेळाने पापण्या आपोआप मिटू लागतात. इथे डॉक्टरला शंका यायला हवी. श्वास मंदावला तर अँबू बॅग तासन्‌तास दाबावी लागते. प्रतिविषाची तीव्र ॲलर्जी उसळली तर ॲड्रेनालिन मांडीत टोचावे लागते, तेही लगेच. पुस्तकात हे सगळे आहे. हात मात्र पहिल्यांदा थरथरायचे ते मॅनिकिनवर थरथरावेत, एवढी आमची विनंती आहे.

राष्ट्रीय वैद्यक आयोगाने कौशल्य प्रयोगशाळा सक्तीची केलीच आहे. आमचा आग्रह तिथे काय शिकवायचे याबद्दल आहे. शेजारी अतिदक्षता विभाग आणि हाकेवर भूलतज्ज्ञ, असा प्रसंग गिरवून आमच्यातला जो बंधपत्राच्या वर्षी प्राथमिक आरोग्य केंद्रात एकटा उभा राहील, त्याचे भागणार नाही. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद होतो, रुग्ण पुढे पाठवताही येत नाही.

म्हणून प्रसंग इथल्या रुग्णालयांच्या नोंदींवरून लिहावेत : मण्यार आणि घोणस, मोहफुले वेचताना अस्वलाने फाडलेला चेहरा, मेंदूचा मलेरिया, प्रसूतीनंतरचा रक्तस्राव, कोळसा खाणीतला चिरडलेला पाय. सिलिंडर अर्धा असावा, फोनला रेंज नसावी, नातेवाइकाने माडियातच बोलावे. सरावाला परिचारिका आणि १०८ रुग्णवाहिकेचे कर्मचारी सोबत हवेत. खऱ्या रात्री तेच सोबत असतात.

प्रत्येक सरावानंतर काय चुकले याची मोकळी चर्चा व्हावी, तिचे गुण धरू नयेत. ती घेणाऱ्या शिक्षकांना प्रशिक्षण मिळावे आणि हे तास त्यांच्या कामात मोजले जावेत. नाहीतर हा प्रकार स्नेहसंमेलनातल्या नाटुकल्यापलीकडे जाणार नाही. इंटर्नशिपमध्ये कॅज्युअल्टीला जेमतेम दोन आठवडे मिळतात. त्याआधी आणि बंधपत्रित सेवेवर रुजू होण्याआधी हा सराव सक्तीचा करावा.

खर्चाचा मुद्दा निघेल. पण याच गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांत नवजात बाळांची घरी काळजी घेण्याचा प्रयोग केला. गावातल्याच बायका गुदमरलेल्या बाळाचा श्वास सुरू करायला शिकल्या. अर्भकमृत्यू जवळपास निम्म्यावर आले आणि १९९९ साली ‘लॅन्सेट’ने ते छापले. तेव्हा महागडे यंत्र नाही म्हणून एमबीबीएसचा विद्यार्थी अडून राहावा, हे आम्हाला पटत नाही. शिवाय २०३० पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू निम्मे करण्याचे उद्दिष्ट केंद्राच्या २०२४ च्या कृती आराखड्यातही आहे; हा सराव त्यालाही हातभार लावेल.

गडचिरोलीचे महाविद्यालय २०२४ मध्ये सुरू झाले. तिथली पहिली तुकडी इंटर्नशिपला पोचण्याआधी प्रसंगांचा संच तयार व्हावा. त्यासाठी चंद्रपूर व गडचिरोलीच्या महाविद्यालयांचे अधिष्ठाता, जिल्हा शल्यचिकित्सक आणि विद्यार्थी प्रतिनिधी यांची समिती नेमावी आणि तिच्या पहिल्या बैठकीची तारीख आम्हाला लेखी कळवावी.

आपले,
दोन्ही जिल्ह्यांतील वैद्यकीय विद्यार्थी व इंटर्न यांच्या संघटनेतर्फे