‘मॉनिटर गेला’ हे वर्णन नव्हे

‘मॉनिटर गेला’ हे वाक्य एकेकाळी महाविद्यालयांच्या विभागाविभागांतून ऐकू येत असे. वास्तविक ते वर्णन नव्हे, तो निकाल आहे. काय गेले? पांढरा पडदा पिवळा दिसतो, की ओळी वाकतात, की सगळे चित्र मिटून मधोमध एक आडवी प्रकाशरेषा तेवढी उरते? या तिन्हींची कारणे तीन वेगळ्या जागी असतात. काचेच्या नळीचे, पाठीला पोक असलेले ते मॉनिटर आता बहुतांशी भंगारात गेले; तरी त्यांतील दोष शोधण्याची रीत मराठीच्या वर्गात शिकवण्याजोगी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

तिची पहिली पायरी म्हणजे दोष दाखवणाऱ्याचा की दाखवलेल्या गोष्टीचा, हे ठरवणे. मॉनिटर दुसऱ्या संगणकाला जोडावा. दोष सोबत आला तर तो मॉनिटरचा किंवा त्याच्या केबलचा. मागेच राहिला तर संगणकाचा. केबलच्या टोकाला पंधरा पिनांची जागा असते आणि पहिल्या तीन पिना लाल, हिरव्या व निळ्या रंगाच्या असतात. (एखादी पिन मुळातच नसते, तिचा शोक करू नये.) यांतली एक वाकली की तो रंग जातो. निळा गेला तर पांढरे ते पिवळे होते, लाल गेला तर हिरवट-निळे, हिरवा गेला तर जांभळट-गुलाबी. जे दिसते त्यावरून जे नाही ते ओळखायचे. पाठचिकित्सेचा मार्ग याहून फारसा वेगळा नाही. वि. सी. सुकथनकरांनी १९२५ साली भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची सूत्रे हाती घेतली, तेथेही प्रश्न हाच होता: ही चूक या पोथीच्या लेखनिकाची, की त्याच्या पुढ्यातील प्रतीची? उत्तर एकाच पोथीकडे टक लावून मिळत नाही, दुसरी उघडावी लागते.

दोष मॉनिटरचाच ठरला, तर तो हेरण्यात आपली लिपी फार उपकारक ठरते. तीन रंगांचे झोत नीट एकत्र आले नाहीत की अक्षरांना रंगीत कडा येतात. ते वर-खाली ढळले असतील तर एका शिरोरेषेच्या दोन होतात, एक तांबडी, एक निळी. चित्राची चौकट बिघडली असेल तर पडद्याच्या वरच्या भागातील शिरोरेषा धनुष्यासारखी वाकते. फोकस सुटला की पहिला बळी अनुस्वाराचा. ‘त्यांचा’चे ‘त्याचा’ होते आणि मुद्रितशोधकाच्या डोळ्यांदेखत थोरामोठ्यांचे आदरार्थी बहुवचन निसटते. मधोमध उरलेली ती आडवी रेषा मात्र लिपीनिरपेक्ष आहे. झोत डावी-उजवीकडे फिरतो आहे, वर-खाली फिरवणारे मंडल बंद पडले आहे, इतके ती सांगते. पुढचे काम जाणकाराचे. नळीला २५,००० व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि यंत्र बंद केल्यावरही तो काही काळ टिकू शकतो. पेटी उघडण्याचा मोह नको.

कधी दोष मॉनिटरचाही नसतो आणि संगणकाचाही नसतो. कोपऱ्यातले रंगीत डाग पुष्कळदा शेजारच्या स्पीकरमधील चुंबकाचे असतात. भारनियमनाच्या काळात मॉनिटरला खेटून यूपीएस ठेवलेला असे. त्यातील ट्रान्सफॉर्मरचे चुंबकीय क्षेत्र सेकंदाला ५० आवर्तनांचे आणि पडदा रंगवला जातो ६० वेळा. या फरकापोटी चित्र सेकंदाला दहादा थरथरते. यूपीएस हातभर दूर सरकवला की ‘गेलेला’ मॉनिटर परत येतो.

आता आपल्या उत्तरपत्रिका पाहा. ‘ही कविता दुर्बोध आहे’, ‘कादंबरी पसरट झाली आहे’. कोणत्या ओळीत अर्थ अडतो, कोणत्या प्रकरणात गती मंदावते, याचा पत्ता नसतो. आणि हे केवळ विद्यार्थ्यांचे नाही. छापून येणाऱ्या कित्येक परीक्षणांतही ‘मॉनिटर गेला’ यापलीकडे काही नसते. आधी काय दिसते ते लिहा, मग प्रत आणि आवृत्ती तपासा, शेजारी काय ठेवून वाचता आहात ते पाहा, आणि निकाल शेवटी द्या, एवढा क्रम आपण सक्तीचा का करू नये?

कविता म्हणजे यंत्र नव्हे आणि तिच्यातील अस्पष्टता म्हणजे दोष नव्हे, असा आक्षेप येईल. तो मला मान्यच आहे. पण जे खटकते ते दोष आहे की रचना, हा प्रश्न यंत्रापुढेही सुटलेला नाही. सोनीच्या ट्रिनिट्रॉन नळीत, जी १९६८ साली प्रथम बाजारात आली, छिद्रांच्या जाळीऐवजी ताणलेल्या उभ्या बारीक पट्ट्या असतात. त्या थरथरू नयेत म्हणून त्यांवर आडवी तार बसवलेली असते, लहान पडद्याला एक, मोठ्याला दोन. पांढऱ्या पानावर तिची केसासारखी सावली दिसते. ती ओरखडा समजून पडदा पुन्हा पुन्हा पुसणारी माणसे मी पाहिली आहेत.