विषाची चर्चा ताटापाशीच का थांबते?

मराठी माणसाला तंजावर आठवते ते सरफोजीराजे आणि सरस्वती महाल ग्रंथालयामुळे. समाजशास्त्राची संशोधक म्हणून मला हा जिल्हा वेगळ्या कारणाने महत्त्वाचा वाटतो. १९६०-६१ मध्ये सुरू झालेल्या सघन कृषी जिल्हा कार्यक्रमाच्या पहिल्या सात जिल्ह्यांत तंजावर होता. सुधारित बियाणे, रासायनिक खत, कीटकनाशक आणि कर्ज एकत्र देऊन भाताचे उत्पादन वाढवायचे होते. जमीन वरच्या जातींकडे आणि चिखलातले काम दलितांकडे, ही रचना मात्र तशीच राहिली. मजुरीवाढीच्या लढ्यातून २५ डिसेंबर १९६८ रोजी, तेव्हा याच जिल्ह्यात असलेल्या कीळवेणमणीत, ४४ दलितांना झोपडीत जाळून मारण्यात आले.

त्याच वर्षी देशात कीटकनाशक कायदा झाला. १९५८ मध्ये केरळ आणि मद्रास राज्यांत पॅराथिऑनने दूषित झालेले अन्न खाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली होती, ही त्याची पार्श्वभूमी. म्हणजे सरकारला जाग आली ती खाणाऱ्यांच्या मृत्यूने.

आजही आपली चर्चा तिथेच घुटमळते. भाजीत विषाचा अंश किती, सेंद्रिय तांदूळ कुठे मिळेल? प्रश्न खरे आहेत. पण ताटात येतो तो अंश. फवारणाऱ्याच्या अंगावर पडते ते द्रावण. ऑर्गनोफॉस्फेट गटातली औषधे कातडीतून आणि श्वासातून शरीरात जातात, मज्जासंस्थेला आवश्यक असलेले कोलिनेस्टरेज रोखतात. घाम सुटतो, नजर धूसर होते, श्वास कोंडतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले. तेव्हा त्यांनी मास्क का लावला नाही, हेच पुन्हा पुन्हा विचारले गेले.

१९७१ चे कीटकनाशक नियम सांगतात की फवारणीच्या कामावरील माणसाची डॉक्टरी तपासणी व्हावी, ऑर्गनोफॉस्फेट हाताळणाऱ्याच्या रक्तातील कोलिनेस्टरेज दरमहा मोजावे, संरक्षक कपडे द्यावेत. पण रोज वेगळ्या बांधावर जाणाऱ्या रोजंदारी मजुराचे रक्त कोणता मालक तपासणार? तपासणी नाही म्हणून नोंद नाही, आणि नोंद नाही म्हणून ‘पुरावा कुठे आहे?’ जात कामाची वाटणी करते, तशी विषाचीही करते आणि पुराव्याचीही.

म्हणून मागणी नेमकी हवी: हंगामाआधी आणि हंगामात प्राथमिक आरोग्य केंद्रात मजुरांच्या रक्ताची मोफत तपासणी, आणि तिची नोंद मजुराच्या हातात. ग्रामसभेत हा ठराव मांडायला आपल्यासारखी शिकलेली मुले-मुली लागतील. आणि आजच करता येईल असे एक काम आहे. बाटलीवरचा लाल, पिवळा, निळा, हिरवा रंग विषाची तीव्रता सांगतो. लाल सर्वांत जहाल. सोबतचे बारीक अक्षरातले पत्रक घरी, वस्तीत मोठ्याने वाचून दाखवा. कुणाला त्रास झाला तर दवाखान्यात जाताना बाटलीवरचे लेबल सोबत न्या. पदवी आपल्याला मिळाली, पण ते पत्रक अजून आपल्या आईबापांपर्यंत पोहोचलेले नाही.