बारीक धुळीचा हिशेब

टँकरने रस्त्यावर पाणी मारले की धूळ बसते आणि हवा सुधारल्याचे समाधान मिळते. पण डोळ्यांना दिसणारी धूळ बहुतांशी नाका-घशातच अडते. अडीच मायक्रॉनहून बारीक कण मात्र थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात, त्यातले काही रक्तातही उतरतात. हृदयविकार, पक्षाघात, दमा यांचा धोका त्यांच्यामुळे वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१३ मध्येच हवेतील कणांना कर्करोगकारक ठरवले. तरीही २०१९ पासूनच्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात १३१ शहरांची प्रगती जोखली जाते ती दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांवरून. ज्याचे गुण मिळतात त्यावरच पैसा खर्च होणार. सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटच्या २०२४ मधील पाहणीनुसार या निधीतील ६४ टक्के रक्कम रस्त्यांवरच्या धुळीवर गेली. उद्योगांच्या वाट्याला एक टक्काही आला नाही.

दहा मायक्रॉनच्या मोजणीत बारीक कणही येतातच, हा बचाव अपुरा आहे. ही मोजणी वजनाची असते आणि वजन जाड्या कणांचे जास्त भरते. ते कमी झाले की आकडा उतरतो, बारीक कण मात्र होते तेवढेच राहू शकतात. चंद्रपूरकडे पाहा. भोवताली कोळशाच्या खाणी, शेजारी २,९२० मेगावॉटचे औष्णिक वीज केंद्र. चिमणीतून निघालेल्या सल्फर डायऑक्साइडपासून हवेतच सल्फेटचे बारीक कण तयार होतात. त्यांना ना झाडू पुरतो ना टँकर. भारतीय कोळशात गंधक कमी, हवेतील सल्फर डायऑक्साइडही मर्यादेत, मग गंधक काढणारी महागडी यंत्रणा कशाला, असे विचारले जाते. पण वायूचा आकडा कमी दिसतो तो काही अंशी त्याचे कण झाल्यामुळेच. यंत्रणेने वीज महागेल, हे खरे. ती न बसवल्याचा खर्च मात्र वीजबिलात दिसत नाही. तो चिमणीच्या छायेतली घरे औषधांवर करतात.

केंद्राने जुलै २०२५ मध्ये बहुसंख्य वीज केंद्रांना या यंत्रणेतून सूट दिली. प्रदूषित शहरांलगतच्या केंद्रांचा निर्णय एकेक प्रकरण पाहून व्हायचा आहे. तो बारीक कणांचे आकडे लोकांपुढे ठेवूनच व्हावा आणि शहरांचा निधीही त्याच आकड्यांवर ठरावा. बारीक कणांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची वार्षिक मर्यादा घनमीटरमागे ५ मायक्रोग्रॅम आहे, आपली ४०. आठपट सैल असलेली ही मर्यादा तरी शहरांच्या प्रगतिपुस्तकात आली पाहिजे.