तार बदलू द्या, पण पंचनामा आधी

टॉवर लाइनच्या जुन्या तारा बदलायला माणसं आली की आपण अडवतो. माझं मत वेगळं आहे. जुनी, पोलादी गाभ्याची ॲल्युमिनियम तार तापली की लांबते, झोळ पडतो. नव्या एचटीएलएस तारेला झोळ कमी. त्याच टॉवरवरून ती दुपटीपर्यंत वीज नेऊ शकते. म्हणजे नव्या लाइनपायी आणखी कुणाचं रान अडकायची वेळ टळते.

पण उभं पीक तुडवलं तर भरपाई हा आपला हक्कच. म्हणून:
✅ ई-पीक पाहणी करून ठेवा
✅ कामाआधी पिकाचे फोटो काढा
✅ काढणीनंतरची तारीख लेखी मागा
✅ नुकसान झाल्यास पंचनाम्याची प्रत घ्या

अडवू नका, पण गप्पही बसू नका.

– आपला कृषी सल्लागार