परवाना भिंतींना, काम आपल्या घरात



कारखान्याचा परवाना म्हटलं की वाटतं, हा मालक आणि सरकार यांच्यातला मामला. आपला काय संबंध? विडी वळणाऱ्या बायांबरोबर काम करताना माझी खात्री पटली आहे की संबंध थेट आपल्या मजुरीशी आहे.

१९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने कारखान्याच्या जागेसाठी परवाना सक्तीचा केला. पान-तंबाखू आणून घरी विड्या वळणाऱ्या बाईलाही त्याने 'कामगार' मानलं. मालक न्यायालयात गेले. १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला. घरातल्या कामाला काम म्हणवून घेणारा हा मोठा विजय होता.

पळवाट मात्र राहिली. राहत्या घराला परवाना लागत नाही आणि घरी 'स्वतःचा धंदा' करणारीला कायदाच लागू नाही. मग ठेकेदार तिला पान-तंबाखू 'विकतो' आणि विड्या 'विकत घेतो'. माल त्याचा, भाव त्याचा, खराब म्हणून विड्या बाजूला काढणारा हातही त्याचाच. तरी कागदावर ती व्यापारी! मग कसला भविष्यनिर्वाह निधी आणि कसली बाळंतपणाची पगारी रजा?

हे विडीपुरतंच नाही. १९४८ च्या कारखाने कायद्यात मुळात विजेवर चालणाऱ्या जागेत १० कामगार असले की तो कारखाना ठरे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितेत हा आकडा २० आहे. विजेविना २० चे ४० झाले. लहान जागांत राबणाऱ्या किती जणी या आकड्यांखाली राहतील?

परवान्यांच्या नावावर हप्ते चालतात, हे खरं. म्हणून नियमच मोडीत काढायचे का? आपली मागणी उलट हवी. परवाना देताना आणि त्याचं नूतनीकरण करताना घरी काम करणाऱ्या प्रत्येक बाईचं नाव, तिला दिलेला माल आणि मजुरी यांची नोंद मालकाने दाखवलीच पाहिजे.

गटांनी सुरुवात आजच करावी. वस्तीतल्या बायांची यादी आपण करावी. माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्याखाली अर्ज करून कारखान्याच्या परवान्याची आणि नोंदलेल्या कामगारसंख्येची माहिती मागावी. दोन्ही कागद शेजारी ठेवले की गळालेल्या बाया दिसतील. त्या घेऊनच कामगार कार्यालयात जाऊ या. काय उत्तर मिळालं, ते आम्हाला जरूर कळवा.