विश्लेषण : सिकलसेलचे कार्ड मिळते, मुलाच्या मनाचे काय?

वणी म्हटले की उर्वरित महाराष्ट्राला कोळसा आठवतो, वेकोलिच्या खाणी आठवतात आणि मे महिन्यातील ऊन आठवते. याच वणीत आणि शेजारच्या मारेगाव, झरी जामणी तालुक्यांत एक असा आजार आहे, जो घेऊनच मूल जन्माला येते आणि जन्मभर त्याच्यासोबत राहते. सिकलसेल. रक्ततपासणी, कार्डवाटप, गोळ्या यांवर गेल्या काही वर्षांत बरेच काम झाले. मात्र या आजारासह वाढणाऱ्या मुलाच्या मनात काय चालते, हा प्रश्न सरकारी अहवालाच्या कोणत्याच रकान्यात बसत नाही.

आजार नेमका काय?

रक्तातील तांबड्या पेशी गोल आणि लवचीक असतात. सिकलसेलमध्ये त्या विळ्याच्या आकाराच्या व कडक होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि पुढच्या भागाला प्राणवायू मिळत नाही. त्यातून असह्य वेदना होतात. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के असते. नागपुरातील डॉक्टरांनी मध्य भारतातील सिकलसेलची नोंद १९५८ मध्येच केली होती. विदर्भात हा आजार आदिवासींप्रमाणेच अनुसूचित जातींमध्येही आढळतो, त्यामुळे ‘हा आदिवासींचा आजार’ ही समजूत अर्धवट आहे.

‘सोंग करतो’ असे का म्हटले जाते?

मोडलेल्या हाताला प्लास्टर असते, तापाला थर्मामीटर असतो. सिकलसेलच्या वेदनेला बाहेरून दिसणारी खूण नाही. सातवीतला मुलगा सोमवारी कबड्डी खेळतो आणि बुधवारी पाय धरून रडतो. दोन दिवसांनी पुन्हा उभा राहतो. शिक्षकांना, सोबत्यांना आणि कधी कधी घरच्यांनाही हे नाटक वाटते. डोळ्यांतला पिवळेपणा मात्र सर्वांना दिसतो, त्यावरून टोपणनाव पडते. उंची, वजन आणि वयात येणे या सर्वांत ही मुले बरोबरीच्यांपेक्षा मागे राहतात. चौदाव्या वर्षी दहाचे दिसणे म्हणजे काय, हे त्या वयातून गेलेल्या कुणालाही वेगळे सांगावे लागू नये.

वारंवार अविश्वास वाट्याला आला की मूल वेदना सांगणेच सोडते. हे केवळ मनाचे दुखणे राहत नाही. अंग दुखतेय हे वेळेत न सांगितल्याने उपचार लांबतात आणि छातीतील गुंतागुंतीसारखे प्रकार जिवावर बेततात.

आश्रमशाळेतील रात्र

याबद्दल जवळपास कुणीच बोलत नाही, म्हणून थोडे सविस्तर. सिकलसेलमुळे मूत्रपिंडांची लघवी दाट करण्याची क्षमता घटते. शरीरातले पाणी लवकर निघून जाते, त्यामुळे या मुलांना जास्त पाणी प्यायला सांगतात. परिणामी लघवीला वारंवार जावे लागते आणि मोठ्या वयापर्यंत रात्री अंथरूण ओले होऊ शकते. हे आजाराचे लक्षण आहे, वाईट सवय नव्हे.

आता हेच मूल निवासी शाळेच्या हॉलमध्ये तीस-चाळीस मुलांत झोपते असे समजा. सकाळी अंथरूण ओले. सगळ्यांसमोर चादर धुवायला लावली, तर त्या मुलाने पुढे काय करावे? ते संध्याकाळपासून पाणी पिणे बंद करते. अंगात पाणी कमी पडले की पेशी अडकतात, वेदनेचा झटका येतो. म्हणजे लाजेतून सरळ दवाखाना. हिवाळ्यात थंड पाण्याची आंघोळ, उन्हात उभे राहण्याची शिक्षा, तासाला लघवीची परवानगी नाकारणे, हे सगळे झटक्याला आमंत्रण देणारे आहे. मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास देण्यास २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मनाई आहे. पण ‘सर, पाणी पिऊन येऊ?’ याला मिळालेले ‘बस खाली’ हे उत्तर कुणी शिक्षा म्हणून मोजत नाही.

समुपदेशन होते ना?

होते, पण कशाचे? राज्यात रुग्णाला लाल आणि वाहकाला पिवळे कार्ड दिले जाते. त्यासोबतचा मुख्य संदेश लग्नाचा असतो : लाल-पिवळे, पिवळे-पिवळे अशी जोडी टाळा. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचे उद्दिष्ट ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत आजाराचे निर्मूलन हे आहे. पुढच्या पिढीसाठी हे योग्यच आहे. पण जे मूल आज लाल कार्ड हातात घेऊन उभे आहे, त्याला या भाषेतून काय ऐकू येते? आपल्यासारखे कुणी पुन्हा जन्मू नये, एवढेच. बारा वर्षांच्या मुलीला आजाराबद्दल पहिल्यांदा जे सांगितले जाते, ते तिच्या लग्नाबद्दल असावे, ही या कार्यक्रमाची मोठी चूक आहे.

घरातही हिशेब असतोच. दोष आईवडील दोघांकडून येतो, बोल मात्र बहुतेक वेळा आईला लागतो. निरोगी भावंडाचे शिक्षण, सण, नवे कपडे दवाखान्याच्या खर्चाखाली दबतात आणि आपल्यामुळे घर बुडाले, असे आजारी मुलाला वाटू लागते.

सवलती आहेत, मग अडचण कुठे?

दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये सिकलसेलचा समावेश आहे. दहावी-बारावीच्या परीक्षेत तासाला २० मिनिटे जादा मिळतात, एसटीचा प्रवास मोफत आहे. पण प्रत्येक सवलत मागताना आजार चारचौघांत सांगावा लागतो, आणि लपवणे हेच तर मूल आजवर शिकलेले असते. त्यात जिल्ह्याचे ठिकाण असलेले यवतमाळ वणीपासून शंभर किलोमीटरहून दूर. वणीकरांना चंद्रपूर जवळचे, पण तो दुसरा जिल्हा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम कागदावर सर्वत्र आहे, त्याचा मानसोपचारतज्ज्ञ सिकलसेलच्या बाह्यरुग्ण विभागात त्याच दिवशी बसला, तर पालकाची एक मजुरी वाचेल.

काय शक्य आहे?

जमैकात १९७० च्या दशकापासून सिकलसेलच्या बाळांच्या आयांना पोटावर हात ठेवून प्लीहा वाढली का, हे ओळखायला शिकवले गेले. मृत्यू घटले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, नुसती काळजी करत बसलेल्या आईच्या हाताला काम मिळाले. मुलांनाही असेच काही देता येते : दुखणे किती, हे चेहऱ्यांच्या चित्रावर बोट ठेवून सांगणे, श्वासाचे साधे व्यायाम, झटक्याच्या नोंदीची स्वतःची वही. आजाराची माहिती कोलामी, गोंडीत आणि मुलाच्या वयाला समजेल अशी हवी. हायड्रॉक्सीयुरिया रोज का घ्यायची, हे ज्याला कळते तोच ती गोळी घेतो. ताण फारच वाढल्यास ‘टेलिमानस’चा १४४१६ हा क्रमांक आहे, मात्र निवासी शाळेतल्या मुलाकडे फोन असतोच असे नाही.

विदर्भातील शाळा जूनअखेरीस उघडतात आणि लगेच पावसाळा लागतो. भिजणे, गारठा आणि ताप यांमुळे झटक्यांचा धोका याच दिवसांत असतो. शाळेच्या पहिल्या आठवड्यात पालकांच्या संमतीने वर्गशिक्षक आणि अधीक्षक या दोघांनाच आजाराची माहिती देणे, बाकावर पाण्याची बाटली ठेवू देणे आणि न विचारता लघवीला जाण्याची मुभा देणे, यासाठी कोणत्याही शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही.