दहा कोनांची किल्ली

मनगटी घड्याळ उघडायचे कसे, हा प्रश्न ते वापरणाऱ्याला कधी पडत नाही. तो पडतो घड्याळजीला, आणि तोही घड्याळ बंद पडल्यावर. एचएमटीची बरीचशी साधी घड्याळे आठवा. आपल्या दोन पिढ्यांच्या परीक्षा, नोकऱ्या आणि लग्ने त्यांच्या साक्षीने पार पडली. त्यांचे मागचे झाकण नुसते दाबून बसवलेले असे. पातळ पात्याची सुरी कडेच्या फटीत सरकवली की ‘टक्’ आवाज होऊन ते सुटे. आट्यांच्या झाकणाला कडेने खाचा असतात, त्यासाठी दातांचा सरकता पाना बाजारात मिळतो. इथवर सारे सरळ आहे.

पुढे मात्र घड्याळ बनवणाऱ्यांच्या कल्पकतेला सुमार नाही. 1926 साली आलेल्या रोलेक्सच्या ‘ऑयस्टर’चे झाकण कडेला बारीक दातेरी असते. 1930च्या दशकातल्या मिडो ‘मल्टिफोर्ट’ला दहा कोनांचे झाकण सापडते. काही घड्याळांना तर पाठीला झाकणच नाही. समोरची काच काढायची आणि यंत्र तिथून बाहेर घ्यायचे. अशा वेळी किल्लीच्या भोकातून इंजेक्शनच्या सिरिंजने हवा सोडून काच उडवणारे कारागीर मी पाहिले आहेत.

पनवेलच्या जुन्या बाजारपेठेत असेच एक घड्याळजी बसतात. सत्तरी ओलांडलेली, नजर भिंगाशिवायही शाबूत. त्यांच्या खणात बिस्किटांचा पत्र्याचा डबा आहे आणि त्यात तीसेक किल्ल्या. एकही विकत घेतलेली नाही. प्रत्येक किल्ली कुठल्या तरी एका हट्टी घड्याळासाठी घडवलेली.

दहा कोनांची मिडो त्यांच्याकडे आली तेव्हा ती किल्ली कशी घडली, हे मी दुकानातल्या स्टुलावर बसून पाहिले. आधी झाकणाचा ठसा लाखेत घेतला. मग समोरासमोरच्या दोन बाजूंमधले अंतर व्हर्नियरने पाच वेळा मोजले, कारण जुने झाकण सगळीकडे सारखे झिजलेले नसते. तळोज्याच्या एका टर्नरकडून पितळेच्या जाड कांबीत गोल भोक पाडून आणले, मापापेक्षा किंचित कमी. इथून पुढे यंत्राचे काम संपले. दहा कोन, म्हणजे दर 36 अंशांवर एक. ते त्रिकोणी कानशीने एकेक करून काढायचे. भोकाला आतून दिव्याची काजळी धरायची, किल्ली झाकणावर अलगद टेकवायची आणि उचलून पाहायची. काजळी जिथे पुसली गेली तिथे धातू जास्त आहे. तेवढाच घासायचा, पुन्हा काजळी, पुन्हा टेकवायची. दोन दुपारी यात गेल्या.

पोलाद का नाही, असे मी विचारले. ते म्हणाले, “साहेब, मोडायचीच वेळ आली तर किल्ली मोडू दे. ती मी पुन्हा करीन. झाकण कुठून आणू?” पोलादी किल्ली सटकली तर झाकणाचे कोन खाते, पितळ मऊ, ते स्वतः झिजते. आमच्याकडची खाडीची दमट हवा आणि घामाचे क्षार यांनी आट्यांत गंज धरलेला असतो, तेव्हा हा विचार फार मोलाचा. घड्याळ लाकडी ठोकळ्याच्या खाचेत बसवून, वरून तळहाताचा भार देत त्यांनी किल्ली फिरवली. तिसऱ्या प्रयत्नाला झाकण हलले.

याच पनवेलचा बैलगाडीच्या चाकांचा धंदा इंग्रज अमदानीतल्या गॅझेटियरांत नोंदवलेला आहे. घाट चढ-उतर करणाऱ्या गाड्यांना इथली चाके लागत. किल्ल्यांच्या डब्याची नोंद मात्र कोणी घेतलेली नाही, आणि माझी तक्रार नेमकी हीच आहे.

कंपन्या म्हणतात, झाकण उघडण्याचे खास हत्यार आमच्या अधिकृत कारागिरांकडेच हवे, नाही तर पाणी आत जाईल. यात तथ्य आहे. टोकदार पान्याने ओरबाडलेली झाकणे कोणत्याही दुकानात ढिगाने दिसतात. पण ती ओरबाडली जातात ती योग्य हत्यार मिळत नाही म्हणून! हत्यार अडवायचे आणि मग कारागिराला अडाणी ठरवायचे, हा न्याय उलटा आहे. स्वॉच समूहाने 2015 अखेर स्वतंत्र दुरुस्तीवाल्यांसाठीचा सुट्या भागांचा घाऊक पुरवठाही थांबवला. आपली एचएमटी तर 2016 साली सरकारनेच बंद करायचे ठरवले. तिची लाखो घड्याळे अजून लोकांच्या हातावर आहेत आणि त्यांना वाली फक्त गल्लीतला घड्याळजी.

केंद्र सरकारने जुलै 2022मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने ही तिची क्षेत्रे. घड्याळ त्यात नाही. सप्टेंबर 2023मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम विश्वकर्मा’ योजनेत अठरा व्यवसाय आहेत. कुलूप बनवणारा आहे, हातोडी आणि हत्यारे बनवणारा आहे, त्यांना अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदतही आहे. घड्याळजी मात्र नाही. जो माणूस स्वतःची हत्यारे स्वतः घडवतो, तो ना कुलूपवाला ठरतो, ना हत्यारवाला!

मागणे फार मोठे नाही. योजनेत एकोणिसावे नाव घालावे. इथे घड्याळे विकणाऱ्या प्रत्येक कंपनीने आपल्या झाकणाची मापे जाहीर करावीत; हत्यार आमचे लोक करतील. आणि आयटीआयत टर्नर-फिटर शिकणाऱ्या दोन-चार मुलांना वर्षातून आठ दिवस अशा घड्याळजींकडे पाठवावे. त्या डब्यातल्या किल्ल्यांवर नावे नाहीत. कोणती कशाची, हे आज एकाच माणसाला ठाऊक आहे. पहिल्या दिवशी मुलांनी वही-पेन्सिल घेऊन तेवढे लिहून काढले तरी चालेल.